खुबा, गाडी आणि आईची वही

आईला स्वतःच्या गाडीतून उतरता आलं नाही, त्या संध्याकाळी दोन गोष्टी एकदमच ठरल्या. खुब्याचं ऑपरेशन आता लांबवायचं नाही, आणि ही गाडी विकायची. दार उघडून ती एक पाय जमिनीवर आणि दुखरा उजवा पाय आत, अशी अडकून बसली होती. मी हाताला धरून ओढायला गेले तर म्हणाली, "ओढू नकोस. दोन मिनिटं थांब." त्या दोन मिनिटांची दहा झाली.

आई ६८ वर्षांची. ही गाडी तेरा वर्षं तिनेच चालवली, तिनेच सांभाळली. बुटकी सेडान. बसताना खाली खाली जात बसायचं आणि उठताना खड्ड्यातून वर यावं तसं यायचं.

खुब्याचा सांधा म्हणजे एका वाटीत बसलेला गोळा. मांडीच्या हाडाचं वरचं टोक तो गोळा, आणि कमरेच्या हाडात त्याची वाटी. मध्ये कूर्चेचा गुळगुळीत थर असतो, एक्स-रेत तो काळ्या फटीसारखा दिसतो. आईच्या एक्स-रेत उजवीकडे ती फट जवळजवळ बुजली होती. "काकू, हाडावर हाड घासतंय," सर्जन म्हणाले. मग मला विचारलं, "घरी गाडी कोणती?" मला वाटलं सहज विचारताहेत. पण सांधा बदलल्यावर बऱ्याच रुग्णांना सुरुवातीचे काही आठवडे खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नसतो. जास्त वाकला तर नवा गोळा वाटीतून निसटू शकतो. खोल सीटवर बसलं की गुडघे खुब्याच्या वर जातात, म्हणजे नेमकं जे टाळायचं तेच होतं. आमची गाडी त्या दृष्टीने सगळ्यात वाईट होती.

पुढचे तीन महिने माझी सकाळ रुग्णालयाच्या काउंटरसमोर आणि संध्याकाळ कुणाच्या तरी उघड्या बोनेटसमोर गेली. दोन्ही ठिकाणी मी नवखी होते आणि समोरच्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी अनोळखी माणसाच्या गाडीबद्दल मला जे एका संध्याकाळी कळलं, तेवढं सख्ख्या आईच्या शरीराबद्दल कळायला किती खेटे घालावे लागले! तो राग अजून गेलेला नाही. म्हणून हे लिहून काढते आहे.

सुरुवात सीडीपासून झाली. दोन वर्षांपूर्वी आईचा एक्स-रे दुसऱ्या रुग्णालयात काढला होता. झीज किती वेगाने वाढली हे बघायला सर्जनना तो हवा होता. मी गेले, अर्ज दिला, टोकन घेतलं, दुसऱ्या मजल्यावरून तळघरात आणि तळघरातून पुन्हा दुसऱ्या मजल्यावर फिरले. अडीच तासांनी हातात एक सीडी पडली. ती घेऊन सर्जनकडे गेले तर त्यांच्या संगणकाला सीडी घालायची सोयच नव्हती. माझ्या लॅपटॉपलाही नव्हती. हे फोटो डायकॉम नावाच्या प्रकारात साठवतात. तो प्रकार ठरवलाच मुळी अशासाठी, की एका यंत्रातलं चित्र दुसऱ्या यंत्रात तसंच्या तसं उघडावं. चित्र सगळीकडे उघडेल अशी सोय जगाने करून ठेवली, पण ते एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत न्यायला माझ्या पर्समधली चकती. शेवटी नवाच एक्स-रे काढला. जुना कधी कुणी पाहिलाच नाही.

गाडी विकायला काढली तेव्हा याच्या अगदी उलट अनुभव आला, आणि तो आईच्या वहीमुळे. डॅशबोर्डच्या कप्प्यात तिची एक दोनशे पानी वही होती. प्रत्येक नोंदीला तारीख, किलोमीटर, काय केलं, कुणी केलं, आणि शेवटी तिचा स्वतःचा शेरा. "ब्रेक पॅड पुढचे बदलले. आवाज गेला." "उजवीकडे खड्ड्यात टकटक." "बॅटरी नवी. जुनी चार वर्षं चालली." पहिल्या महिन्यापासून परवापर्यंत. अक्षर सगळं तेच, पेन फक्त बदलत गेलेलं.

आधी एका दलालाला गाडी दाखवली. त्याने वही उघडलीही नाही. चारी बाजूंनी फिरला, डाव्या मागच्या दारावर टिचकी मारली आणि म्हणाला, "ठोकलेली आहे, ताई." मग त्या एका दाराच्या जोरावर भाव पाडायला लागला. आई खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाली, "ठोकलेली नाही. खांबाला घासली होती. दार तेच आहे, रंग नवा आहे. पान चाळीस बघा." त्याने पान चाळीस बघितलं नाही. आम्ही त्याला नमस्कार केला.

चार दिवसांनी एक तरुण त्याच्या वडिलांना आणि ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन आला. मेकॅनिककडे रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र होतं. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, वर पुन्हा रंग चढवला की आकडा वाढतो, आणि खाली लांबी, म्हणजे पत्र्याचा खड्डा बुजवायची पुट्टी, भरलेली असली की हजाराच्या पुढे जातो. तो बोनेटपासून एकेका पत्र्याला यंत्र लावत चालला होता आणि आकडे मोठ्याने वाचत होता. एकशे बारा. एकशे अठरा. एकशे नऊ. डाव्या मागच्या दारापाशी पोचायच्या आधीच आई म्हणाली, "इथे दुप्पट येईल." आला दोनशे चाळीस. मेकॅनिकने वर बघितलं, यंत्र खिशात ठेवलं आणि उरलेले पत्रे मोजलेच नाहीत.

एसीचा गॅस दरवर्षी थोडा कमी होतो, तेही मी सांगितलं. सांगताना छातीत धडधडत होतं, कारण पैशांची गरज खरी होती. मुलाच्या वडिलांनी एवढंच विचारलं, "वही मिळेल ना सोबत?" सौदा झाला. आईने जायच्या आधी ओल्या फडक्याने स्टिअरिंग पुसलं, मग गिअरची मूठ पुसली, आणि आत निघून गेली. गाडी फाटकाबाहेर पडताना ती बघायला आली नाही.

आता विम्याच्या मंजुरीबद्दल लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त दिवस तिने खाल्ले.

ऑपरेशनची तारीख मिळाली होती. विमा कंपनीची पूर्वमंजुरी आली की आईला दाखल करायचं, असं ठरलं. रुग्णालयाने कागद पाठवले. पाच दिवस काही नाही. फोन केला की आधी यंत्राचा आवाज, मग गाणं, मग माणूस, आणि प्रत्येक वेळी वेगळा माणूस. प्रत्येकाला सुरुवातीपासून सांगायचं: नाव, जन्मतारीख, पॉलिसीचा क्रमांक, कुठला पाय, कधीपासून. कंपनी म्हणे, रुग्णालयाने कागद पाठवले नाहीत. रुग्णालय म्हणे, केव्हाच पाठवले. दोघंही आपापल्या पडद्यावर बघून खरंच बोलत होते, असं मला आता वाटतं. त्यांचे पडदे एकमेकांशी बोलत नव्हते, आणि मधली वायर मी होते.

आठव्या दिवशी उत्तर आलं. नामंजूर. कारण एका ओळीत: "कागदपत्रांमध्ये विसंगती." कोणत्या कागदात, कुठली विसंगती, काही नाही. फोनवरची मुलगी मनापासून म्हणाली, "मॅडम, मलाही तेवढीच ओळ दिसते."

त्या रात्री मी सगळ्या कागदांच्या प्रती पलंगावर पसरल्या आणि आई दुकानाची बिलं तपासते तशी ओळीवर बोट ठेवून वाचत बसले. एक वाजून गेल्यावर सापडलं. आजारांना जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतले क्रमांक असतात. त्या यादीच्या दहाव्या आवृत्तीत, म्हणजे आयसीडी-१० मध्ये, खुब्याची झीज एम१६ आणि गुडघ्याची झीज एम१७. सर्जनच्या पत्रात एम१६ होतं. दाखल करण्याच्या फॉर्मवर कुणीतरी एम१७ लिहिलं होतं. ऑपरेशन खुब्याचं, आजार गुडघ्याचा. एका आकड्याची चूक, आणि ती शोधणं कुणाचंच काम नव्हतं. ज्याने लिहिलं त्याला नाकारलेलं कळलं नाही, ज्याने नाकारलं त्याला लिहिणारा माहीत नाही.

सकाळी काउंटरवर बोट ठेवून दाखवलं. "हे आम्हाला बदलता येत नाही, डॉक्टरांची सही लागेल." डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये. सही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाली. फॉर्म पुन्हा गेला, पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणी सुरू झाली, आणि या सगळ्यात आमची तारीख गेली. पुढची १९ दिवसांनी.

१९ दिवस हा आकडा लिहायला सोपा आहे. आई तेव्हा पलंगावर झोपू शकत नव्हती. कूस बदलली की कळ यायची, म्हणून ती आरामखुर्चीत बसून झोपायची. दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या मूत्रपिंडावर भार टाकतात म्हणून डॉक्टरांनी त्या मोजून दिल्या होत्या. पहाटे तीनला तिच्या खुर्चीचा आवाज यायचा, आणि मी पडल्या पडल्या तो सोळाचा सतरा डोळ्यांसमोर बघायचे.

याच दिवसांत मी गाड्या बघत होते. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मला बरं वाटायचं, कारण तिथे विचारलेल्या प्रश्नाला काहीतरी उत्तर तरी मिळत होतं, निदान वस्तूकडून. आमच्या गॅरेजचे दादा माझ्यासोबत यायचे. त्यांची पहिली अट अशी, की येतोय हे सांगताना मालकाला बजावायचं, गाडी सुरू करून ठेवू नका. थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होताना जो आवाज आणि धूर निघतो तो खरा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, दाट पांढरा आणि न थांबणारा धूर म्हणजे इंजिन थंड ठेवणारं कूलंट आत शिरतंय, काळा म्हणजे इंधन जास्त जातंय. पोचल्यावर दादा आधी बोनेटवर तळहात ठेवायचे. पहिल्याच गाडीला बोनेट कोमट लागलं.

ती गाडी दिसायला देखणी होती. मीटरवर ४८ हजार किलोमीटर. पण ब्रेकच्या पेडलचं रबर एका कोपऱ्यात पार गुळगुळीत, आणि चालकाच्या सीटची दाराकडची कड बसून बसून दबलेली. टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. चार टायरवर तीन वेगवेगळी वर्षं होती. मग दादांनी स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडला. एकही चूक-कोड, म्हणजे बिघाडाची नोंद, नाही. मी खूश झाले. दादा म्हणाले, "थांबा ताई, पुढचं पान बघू." गाडीचा संगणक स्वतःच्या काही तपासण्या आपणहून करत असतो. चूक-कोड पुसले की त्या तपासण्याही शून्यापासून सुरू होतात, आणि पुऱ्या व्हायला बरंच चालवावं लागतं. या गाडीच्या निम्म्या तपासण्या "अपूर्ण" दाखवत होत्या. त्याखाली आणखी एक ओळ होती: कोड पुसल्यापासून कापलेलं अंतर, ११ किलोमीटर. म्हणजे आम्ही येणार म्हणून कुणीतरी पुसले होते.

दुसऱ्या एका गाडीत दादांनी सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ होती. सीटखालचे बोल्ट गंजलेले. पुरात बुडालेली गाडी. तिथून आम्ही पाच मिनिटांत निघालो.

जॉर्ज ॲकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली नेमक्या याच बाजारावर एक निबंध लिहिला. जुनी गाडी चांगली की डबडं, हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना डबड्याच्या भीतीने कमी भाव देतो, आणि मग चांगल्या गाडीचा मालक ती बाजारात आणतच नाही. २००१ साली त्यांना आणखी दोघांसोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्या दलालाने पान चाळीस बघितलं नाही तेव्हा मला हेच आठवलं. त्याच्याही आधी, १९६३ साली, केनेथ ॲरो यांनी वैद्यकीय सेवेबद्दल असंच काही मांडलं होतं: इथे काय विकत घेतोय हे रुग्णाला नीट कळू शकत नाही, म्हणून हा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही.

दोघांचंही पटतं. पण माझा रुग्णालयातला त्रास थोडा वेगळा होता. तिथे माझ्यापासून कुणी काही लपवत नव्हतं. सर्जन सज्जन, सिस्टर प्रेमळ, काउंटरवरची बाईसुद्धा दमलेली पण चांगली. आईबद्दलची माहिती सात जणांकडे सात तुकड्यांत होती, आणि ते तुकडे जोडलेले असावेत ही जबाबदारी कुणाचीच नव्हती. गाडीवाल्याने लपवलेलं स्कॅनरने सापडतं. विखुरलेलं कशाने सापडणार? त्यासाठी घरातलं एक माणूस रजा टाकून या खिडकीतून त्या खिडकीत फिरावं लागतं. ज्याच्या घरी असं माणूस नसेल त्याचं काय होत असेल, हा विचार मला तिथल्या बाकावर एकेकटे बसलेले म्हातारे बघून रोज यायचा.

गाडी शेवटी एका शिक्षिकेची मिळाली. उंच, चौकोनी, दिसायला काही खास नाही. मी सोबत मोजपट्टी नेली होती, कारण फिजिओथेरपिस्टने दोन उंच्या मोजायला सांगितल्या होत्या. एक, जमिनीपासून सीटपर्यंत, म्हणजे चढायला-उतरायला सोपं जातं का. दुसरी, गाडीच्या तळापासून सीटपर्यंत, म्हणजे बसल्यावर गुडघा खुब्याच्या खाली राहतो का. ही दुसरी उंची माझ्या डोक्यातही आली नसती. जुन्या गाडीत ती २७ सेंटिमीटर होती, हिच्यात ३५. जमिनीपासून ६६. आई वॉकर घेऊन आली होती. ती पाठमोरी सीटवर टेकली, मग पाय आत घेतले. शिक्षिका बाईंनी सीट मागे सरकवून दिली आणि म्हणाल्या, "सावकाश. मला घाई नाही."

चासी क्रमांक मी स्वतः काचेखालून वाचून घेतला. १७ अक्षरं-आकडे असतात आणि त्यांत आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, एक आणि शून्य यांच्याशी गल्लत होऊ नये म्हणून. त्या क्रमांकावरून कंपनीने ही गाडी दुरुस्तीसाठी परत बोलावली होती का ते बघितलं. टाकाटा या जपानी कंपनीच्या सदोष एअरबॅगपायी जगभरातल्या कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या, तेव्हापासून हे बघायचंच असं दादा सांगतात. हिची एअरबॅग बदललेली होती, तारखेसकट. सगळं मिळून वीस मिनिटं गेली असतील.

ऑपरेशनच्या दिवशीचं मात्र चांगलंच सांगायचं आहे. आईच्या उजव्या मांडीवर सर्जनने स्वतः मार्करने बाण काढला. थिएटरमध्ये नेईपर्यंत तीन वेगवेगळ्या लोकांनी तिला नाव आणि बाजू विचारली. ती वैतागून मला म्हणाली, "यांच्याकडे लिहिलेलं नाही का?" सिस्टर म्हणाल्या, "लिहिलंय काकू, पण तुमच्या तोंडून ऐकायचं असतं." २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची तपासयादी आणली. भूल देण्यापूर्वी, चिरा देण्यापूर्वी आणि रुग्ण थिएटरबाहेर जाण्यापूर्वी, अशा तीन वेळा सगळ्यांनी थांबून मोठ्याने खात्री करायची. इतक्या आठवड्यांत त्या दारापाशीच मला वाटलं, की आई एका जागी, एकसंध माणूस म्हणून नोंदली गेली आहे. दुसऱ्या दिवशी तिला उभं केलं. तिच्या चेहऱ्यावरची ती जुनी कळ नव्हती. टाक्यांचं दुखणं होतं, पण ते वेगळं.

डिस्चार्जला सकाळी नऊपासून संध्याकाळी सहा वाजले. तो वेळ जाऊ दे. कागद हातात आल्यावर मी बसून वाचला, आता तशी सवयच लागली होती. त्यात ॲम्लोडिपिन लिहिलं होतं, रक्तदाबासाठी, रोज एक. आई घरी रक्तदाबाची जी गोळी घेते तिच्या पाकिटावर कंपनीचं नाव मोठं आणि खाली बारीक अक्षरात तेच, ॲम्लोडिपिन. कागदाच्या शेवटी वाक्य होतं: "पूर्वीची औषधं चालू ठेवावीत." तसं केलं असतं तर आईने रोज दुप्पट घेतलं असतं. रक्तदाब उतरून, वॉकर हातात असताना, नव्या सांध्यासकट ती पडली असती. मी सिस्टरना दाखवलं. त्यांनी डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी लगेच खोडून सही केली आणि आभारही मानले. पण माझे हात बराच वेळ थरथरत होते.

दुसरी गोष्ट माझ्या लक्षात घरी आल्यावर आली. फिजिओथेरपिस्टने विचारलं, सांध्यापर्यंत मागून गेले की पुढून? कुठल्या हालचाली टाळायच्या ते त्यावर अवलंबून असतं. डिस्चार्जच्या कागदावर तेवढंच नव्हतं. ती माहिती ऑपरेशनच्या नोंदीत असते, आणि त्या नोंदीची प्रत हवी तर लेखी अर्ज, ओळखपत्र, आईची सही. अर्ज दिला. उत्तर येईपर्यंत सगळ्यात कडक नियम धरून चाललो: काटकोनाच्या वर वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही. नव्या गाडीच्या सीटवर एक प्लॅस्टिकची पिशवी अंथरायची, म्हणजे पाठमोरं बसल्यावर अंग अलगद फिरतं. ही युक्ती वॉर्डातल्या एका मामांनी सांगितली, कुठल्याही कागदावर ती नव्हती.

नोंदीची प्रत आली, सांध्यापर्यंत मागच्या बाजूने गेले होते असं कळलं, पण एक पान कमी होतं. नेमकं तेच मला हवं होतं. कृत्रिम सांध्याच्या प्रत्येक भागासोबत कारखान्यातून एक चिकटपट्टी येते. तिच्यावर त्या भागाचा क्रमांक आणि तो कुठल्या खेपेतला आहे ते असतं, आणि ती ऑपरेशनच्या वेळी रुग्णाच्या फाइलमध्ये लावतात. म्हणजे चासी क्रमांकच. २०१० साली धातूवर धातू घासणारा एक कृत्रिम खुबा जगभरातून परत मागवला गेला होता. तेव्हा आपल्या अंगात कुठला सांधा आहे हे कळायला रुग्णांना याच पट्ट्यांचा आधार होता. माझ्या आईच्या अंगात दांडा, गोळा, वाटी आणि वाटीचं अस्तर असे चार भाग बसवले आहेत. कुणी उद्या त्यातला एखादा परत मागवला तर आम्हाला कळणार कसं? पुन्हा अर्ज केला. ते पान ३१व्या दिवशी आलं. आईने नवी वही आणली होती, त्यात पहिल्या पानावर चिकटवलं, वर तारीख घातली आणि खाली लिहिलं, "उजवा खुबा नवा. आवाज गेला." मग डाव्या खुब्यासाठी पुढची पाच पानं कोरी सोडली. तोही झिजतोय, सर्जन म्हणाले आहेत.

त्या पानाच्या आदल्या आठवड्यातलं एक सांगायचं राहिलं. मी रेकॉर्ड विभागाच्या फोनवर होते, पलीकडे गाणं चालू होतं, बारा-पंधरा मिनिटं झाली असतील. आईचा फोन वाजला. आमची जुनी गाडी घेतलेला मुलगा होता. आईने त्याला स्पीकरवर घेतलं.

"काकू, खड्ड्यात गेलं की उजवीकडून टकटक येतेय. वहीत बघितलं तर ४३ हजारांवर तुम्ही हेच लिहिलंय. मेकॅनिक म्हणतो, शॉकअब्सॉर्बर गेला, बदलावा लागेल."

"बदलू नकोस एवढ्यात," आई म्हणाली. "तेव्हाही सगळे तेच म्हणाले होते. शॉकअब चांगला होता. लिंक रॉड ढिला झाला होता, छोटीशी वस्तू आहे. आधी गाडी उचलून तो हाताने हलवून बघायला सांग. पुढचं पान बघ, मी कुठल्या बाजूचा बदलला ते लिहिलंय."

"एक मिनिट हं, काकू," तो म्हणाला, आणि फोनमधून पान उलटल्याचा आवाज आला.